डीएनए शोधायच्या ग्राफीन पट्ट्या: कुठली घ्यावी, कुठली सोडावी

डीएनए ओळखण्यासाठी म्हणून ज्या छापील इलेक्ट्रोड पट्ट्या विकल्या जातात, त्यांचे पुण्यात बसून मिळवता येतील असे पाच प्रकार आहेत. साधी कार्बनची, ग्राफीन ऑक्साइड म्हणजे जीओ लावलेली (ग्राफीन हा कार्बनचा एका अणूइतका पातळ पदर, जीओमध्ये त्यावर ऑक्सिजनचे गट बसलेले), रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइडची म्हणजे आरजीओची (बराचसा ऑक्सिजन काढून टाकलेल्या जीओची), आरजीओवर सोन्याचे नॅनोकण बसवलेली, आणि पॉलिइमाइड या प्लास्टिकच्या फिल्मवर लेसर फिरवून केलेल्या ग्राफीनची. हा आढावा एखाद्या कॉलेजच्या किंवा लहान स्टार्टअपच्या प्रयोगशाळेसाठी आहे. पाषाणच्या बाजूला एनसीएल, आयसर, सी-मेट अशा संशोधन संस्थांत ज्यांना रामन आणि एक्सआरडी ही पदार्थाची रचना तपासणारी यंत्रं हाताशी आहेत, ते आपली पट्टी आपणच पारखतील.

निकाल आधीच सांगून टाकू. जीओची तयार पट्टी घेऊ नका. चांगल्या शाईची साधी कार्बन पट्टी घ्या आणि ग्राफीन स्वतः लावा. थिऑल (सोन्याला पकडणारा गंधकाचा गट) असलेला प्रोब, म्हणजे शोधायच्या डीएनएला जुळणारा, पट्टीवर बसवायचा लहान धागा, वापरणार असाल तरच सोन्याच्या पट्टीचे पैसे वसूल होतात. लेसरची पट्टी शिकायला, शिकवायला आणि डिझाइन पटापट बदलून बघायला उत्तम. पुरवठादारांची नावं मुद्दाम टाळली आहेत, कारण एकाच पुरवठादाराच्या दोन बॅचमध्ये जितका फरक पडतो तितका दोन पुरवठादारांमध्येही कधी कधी पडत नाही.

पट्टी म्हणजे काय ते थोडक्यात. लग्नपत्रिका ज्या स्क्रीन प्रिंटिंगने छापतात त्याच पद्धतीने सिरॅमिकवर किंवा पीईटी या प्लास्टिकवर तीन इलेक्ट्रोड छापलेले असतात: मधे गोल वर्किंग (जिथे मोजायची प्रतिक्रिया होते), भोवती अर्धगोल काउंटर (करंटचा मार्ग पूर्ण करणारा), आणि चांदीच्या शाईचा रेफरन्स (व्होल्टेज मोजायचा आधार). नेहमीचं माप साधारण ३४ मिमी लांब, १० मिमी रुंद, वर्किंगचा व्यास ४ मिमी. वर ५० मायक्रोलिटरचा थेंब ठेवला की तिन्ही इलेक्ट्रोड बुडतात. पीईटी स्वस्त, पण वाकली की चांदीच्या रेषेला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते आणि सिग्नल मधेच नाचायला लागतो. कनेक्टरमध्ये घालताना पट्टी टोकाशी धरून सरळ ढकलायची, बोटाने मधे दाबायची नाही.

पाकीट हातात आलं की डीएनएला हात लावण्याआधी एक चाचणी करा. ५ मिलिमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये, सीव्ही (व्होल्टेज पुढे-मागे फिरवत करंट मोजायची पद्धत) ५० मिलिव्होल्ट प्रति सेकंदाने. ४ मिमी व्यासाचं क्षेत्रफळ ०.१२६ चौरस सेंमी. फेरिसायनाइडचा डिफ्यूजन म्हणजे द्रावणात पसरण्याचा गुणांक ७.६ × १०⁻⁶ चौरस सेंमी प्रति सेकंद धरला, तर रँडल्स-सेव्हचिक समीकरणाने शिखराचा करंट १०४ मायक्रोअँपिअरच्या आसपास येतो. हा आदर्श आकडा. छापील कार्बन यापेक्षा कमी देणारच, कारण शाईतला बाइंडर इलेक्ट्रॉनची वाट अडवतो. दोन शिखरांमधलं अंतर आदर्श स्थितीत ५९ मिलिव्होल्ट असतं. छापील कार्बनवर १०० ते १५० आलं तर पट्टी कामाची. २०० च्या वर गेलं तर पीबीएसमध्ये (फॉस्फेटचा खारट बफर) +१.२ व्होल्टवर ६० सेकंद ठेवून पुन्हा मोजा. तरीही सुधारलं नाही, तर ती बॅच परत पाठवायची. पाकिटातल्या किमान पाच पट्ट्यांवर हे करा आणि पाच आकड्यांमधला विखुरलेपणा लिहून ठेवा. पुढचं सगळं या विखुरलेपणावर उभं राहणार आहे.

आता करंट १०४ पेक्षा बराच जास्त आला तर? आरजीओच्या पट्टीवर तसं दिसतं, आणि माहितीपत्रकात लगेच ‘प्रभावी क्षेत्रफळ तिप्पट’ असं छापलेलं असतं. हा दावा जरा बाजूला ठेवा. ५० मिलिव्होल्ट प्रति सेकंदाला डिफ्यूजनचा थर काही दशक मायक्रोमीटर जाड असतो. त्यापेक्षा बारीक खडबडीतपणा या मोजमापाला दिसतच नाही. करंट वाढतो तो बहुतेकदा सच्छिद्र थराच्या पोटात अडकलेल्या द्रावणामुळे. खात्री करायची असेल तर १० ते २०० मिलिव्होल्ट प्रति सेकंद असे पाच-सहा वेग घ्या. शिखर वेगाच्या वर्गमुळाशी सरळ रेषेत वाढलं तर डिफ्यूजन. थेट वेगाशी वाढायला लागलं तर रेणू थरात अडकला किंवा चिकटलाय, आणि रँडल्स-सेव्हचिकने काढलेलं क्षेत्रफळ निरर्थक.

जीओच्या तयार पट्टीला नकार का, ते सविस्तर सांगायला हवं. जीओ विजेचा वाईट वाहक आहे. ग्राफाइटला सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटने ऑक्सिडाइज करायची हमर्स पद्धत १९५८ ची. तिच्यात ग्राफीनची सलग जाळी जागोजागी तुटते आणि ऑक्सिजनचे गट बसतात. त्यातल्या कार्बोक्सिल (आम्लधर्मी) गटांमुळे पृष्ठभागावर ऋण भार येतो, फेरिसायनाइडही ऋण, त्यामुळे डीएनए लावायच्या आधीच चार्ज ट्रान्स्फरचा रोध (इलेक्ट्रॉनला पलीकडे जाताना होणारा अडथळा) वाढून बसलेला असतो. मग प्रोब लावल्यावर होणारी वाढ त्या डोंगरापुढे किरकोळ दिसते. शिवाय जीओ कधी लावला, किती लावला, कसा वाळवला, हे पाकिटावर कुठेच नसतं. महिनोन् महिने पडून राहिलेल्या थराला कडेने पापुद्रे सुटतात आणि पहिल्याच धुण्यात ते वाहून जातात.

‘सिंगल लेयर’ या शब्दांनीही भुलू नका. शुद्ध ग्राफीनचं सैद्धांतिक क्षेत्रफळ ग्रॅमला सुमारे २६३० चौरस मीटर, दोन्ही बाजू धरून. म्हणजे एका पदराचं वजन चौरस सेंमीला ०.०७६ मायक्रोग्रॅम. नेहमीची कृती म्हणजे ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या द्रावणाचे ५ मायक्रोलिटर ४ मिमीच्या गोलावर. हे झाले २.५ मायक्रोग्रॅम, चौरस सेंमीला २०. भागाकार केला तर अडीचशेहून जास्त पदर. जीओचा पदर ग्राफीनपेक्षा जड, तो हिशेब धरूनही शंभराच्या वर. बाटलीत एकेक पदर सुटा असेल, पट्टीवर वाळला की तो गठ्ठाच असतो.

स्वतः लावायचं तर असं. जीओचं पाण्यातलं द्रावण ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर करा, बाथ सोनिकेटरमध्ये ३० मिनिटं ठेवा. सोनिकेटरचं पाणी तापतं, बर्फ टाकत राहा. तासन् तास सोनिकेट केलं तर पदरांचे तुकडे होतात आणि थर धरत नाही. ५ मायक्रोलिटर थेंब फक्त वर्किंगवर, पिपेटचं टोक न टेकवता. वाळताना बशीत सांडलेल्या चहाच्या डागासारखी कडेला जाड कड उमटते आणि मधला भाग रिकामा राहतो. त्यावर उपाय म्हणजे सावकाश वाळवणं: पेट्री डिशखाली, खोलीच्या तापमानाला, पंखा बंद. घाईने ओव्हनमध्ये घातलेल्या पट्टीवर ही कड हमखास येते. एकाच जाड थेंबाऐवजी पातळ द्रावणाचे दोन थेंब, पहिला वाळल्यावर दुसरा, हे बरं.

मग रिडक्शन पट्टीवरच, विजेने. नायट्रोजन सोडलेल्या ०.१ मोलर पीबीएसमध्ये ० ते −१.४ व्होल्ट, ५० मिलिव्होल्ट प्रति सेकंद, १० फेऱ्या. पहिल्या फेरीत −१ व्होल्टच्या पलीकडे एक मोठं एकतर्फी शिखर दिसतं आणि पुढच्या फेऱ्यांत ते नाहीसं होतं. ते दिसलं नाही तर जीओ लागलाच नाही असं समजा. रंग तपकिरीचा काळा होतो. −१.५ च्या खाली जाऊ नका, हायड्रोजनचे बुडबुडे थराला खालून उचलतात. बाटलीतला जीओ कसा आहे हे पाहायला यूव्ही-व्हिजिबल (कुठला प्रकाश शोषला जातो ते मोजणारी चाचणी) पुरतं: जीओचं शिखर २३० नॅनोमीटरपाशी, रिड्यूस झाल्यावर २७० कडे सरकतं. एक्सआरडी मिळालं तर ग्राफाइटचं २६.५ अंशांवरचं शिखर जाऊन १० ते ११ अंशांवर आलेलं दिसायला हवं. २६.५ वर अजून काही शिल्लक असेल तर बाटलीत न फुटलेला ग्राफाइट आहे.

इथे एक पेच आहे आणि तयार आरजीओ पट्ट्या नेमक्या तिथेच अडकतात. वीज नीट वाहायला हवी तर रिडक्शन पुरेपूर हवं. प्रोब कायमचा जोडायचा तर कार्बोक्सिल गट शिल्लक हवेत. पुरेपूर रिड्यूस केलेल्या पट्टीवर ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी प्रोब जोडायला गेलात, तर जोडायला जागा फक्त कडांवर उरते आणि बाकीचा प्रोब नुसता चिकटून राहतो. पुरवठादार चाचणी फेरिसायनाइडवर घेतात, त्यामुळे ते रिडक्शन जितकं जास्त तितकं चांगलं समजतात. डीएनएच्या कामासाठी अर्धवट रिडक्शन, म्हणजे दहाऐवजी तीन-चार फेऱ्या, बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडतं. किती फेऱ्या हे तुमच्या प्रोबवर ठरेल, पण ते ठरवायची मोकळीक तयार पट्टीत मिळत नाही.

प्रोब लावायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींत सिग्नल एकमेकांच्या उलट दिशेला जातो, हे माहितीपत्रकात क्वचित लिहिलेलं असतं.

पहिला म्हणजे नुसता चिकटवणं. एकेरी डीएनएच्या बेसेस (त्याची अक्षरं) ग्राफीनच्या षटकोनांवर पाय-पाय (π-π) आकर्षणाने बसतात. टार्गेट, म्हणजे शोधायचा डीएनए, आलं की जोडी जमते, बेसेस आतल्या बाजूला जातात, आणि दुहेरी धागा पृष्ठभागावरून सैल होतो. रोध कमी होतो. स्वस्त, झटपट आणि फसवा मार्ग. कारण प्रोब नुसता धुऊन गेला तरी रोध कमीच होतो, आणि तो टार्गेट सापडल्यासारखा दिसतो. म्हणून टार्गेट नसलेल्या त्याच बफरमध्ये, तितकीच मिनिटं, तितक्याच वेळा धुतलेली पट्टी शेजारी असल्याशिवाय या पद्धतीतला एकही आकडा मान्य करू नये.

दुसरा म्हणजे अमिनो टोक असलेला प्रोब ईडीसी-एनएचएसने जोडणं. ०.१ मोलर एमईएस बफर, पीएच ५.५, त्यात दोन्ही ५० मिलिमोलर, ३० मिनिटं. धुऊन १ मायक्रोमोलर प्रोब पीबीएसमध्ये, १० मायक्रोलिटर, दोन तास, ओल्या टिश्यूच्या डबीत. उरलेल्या जागा इथेनॉलअमाइनने बुजवायच्या. आता टार्गेट जुळलं की ऋण भार वाढतो आणि रोध वाढतो. हा मार्ग फसला तर कारण बहुधा तीनांपैकी एक असतं. ईडीसी ओल धरून मेलेलं: बाटली −२० वर ठेवायची आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची. दुसरं, प्रोब टीई बफरमध्ये विरघळवलेला: टीईमधलं ट्रिस स्वतः अमाइन आहे, ते प्रोबच्या आधी जागा पटकावतं. तिसरं, ऑलिगोबरोबर (मागवलेल्या प्रोबच्या धाग्याबरोबर) आलेले अमोनियम क्षार, म्हणून गाळून शुद्ध केलेला ऑलिगो मागवा. प्रोब पाण्यात किंवा पीबीएसमध्ये विरघळवा: बाटलीवरच्या नॅनोमोलला दहाने गुणा, तितके मायक्रोलिटर घाला, १०० मायक्रोमोलर तयार.

पायरीन लिंकरचा (एका बाजूने ग्राफीनवर बसून दुसऱ्या टोकाला प्रोब धरणाऱ्या रेणूचा) तिसरा मार्गही सुचवला जातो. पायरीन ग्राफीनवर घट्ट बसतं हे खरं. पण ते बहुतेकदा डीएमएफ या द्रावकात विरघळवतात, आणि डीएमएफ छापील पट्टीवरचा इन्सुलेशनचा थर आणि शाई दोन्ही खातं. कडा फुगतात, क्षेत्रफळ बदलतं. छापील पट्टीवर हा मार्ग सोडून द्या.

धुण्याबद्दल एक बारीक गोष्ट. नको असलेला डीएनए ग्राफीनवरून काढायला ०.१ टक्के एसडीएस (साबणासारखं रसायन) चांगलं काम करतं. पण पोटॅशियम भेटलं की एसडीएस पांढरा साका होऊन बसतो, आणि फेरिसायनाइडच्या द्रावणात पोटॅशियमच पोटॅशियम. पोटॅशियम नसलेल्या सोडियम फॉस्फेट बफरने तीनदा धुतल्याशिवाय पुढे जाऊ नका. अन्यथा रोध भरमसाट वाढतो आणि लोक त्याला यशस्वी हायब्रिडायझेशन (टार्गेट प्रोबला जुळणं) समजतात.

मोजायचं कशाने? इम्पिडन्स (छोटं एसी व्होल्टेज देऊन रोध मोजणं) सोपं: ५ मिलिमोलर फेरी-फेरोसायनाइड, १०० किलोहर्ट्झ ते ०.१ हर्ट्झ, ५ ते १० मिलिव्होल्ट, आणि डीसी व्होल्टेज सीव्हीतल्या दोन शिखरांच्या मध्यावर. अ‍ॅब्सोल्यूट रोध कधीच नोंदवू नका, त्याच पट्टीच्या आधीच्या रोधाशी गुणोत्तर घ्या. मिथिलीन ब्ल्यू हा डीएनएला चिकटणारा रंग जास्त निवडक, पण ग्राफीनवर त्याचा एक दोष: सपाट रेणू आहे, स्वतःच ग्राफीनला चिकटतो. २० मायक्रोमोलरमध्ये पाच मिनिटं ठेवून, धुऊन, प्रोबशिवायच्या पट्टीवर डीपीव्ही (व्होल्टेज छोट्या धक्क्यांनी वाढवत करंट मोजायची पद्धत) घ्या. तिथे −०.२ ते −०.३ व्होल्टपाशी जे शिखर दिसेल ती तुमची पार्श्वभूमी. आरजीओवर ती छोटी नसते. पैसे असतील तर मिथिलीन ब्ल्यू टोकाला आधीच जोडलेला प्रोब घ्या, निम्मी डोकेदुखी जाते. रुथेनियम हेक्झामाइन डीएनएच्या फॉस्फेटला चिकटतं म्हणून लोकप्रिय आहे, पण जीओचे कार्बोक्सिल गटही ऋणच, ते तिथेही चिकटतं.

खूण म्हणून काहीच न लावता थेट ग्वानिन (डीएनएचा एक बेस) जाळायचं, म्हणजे ऑक्सिडाइज करायचं, ही वाट ब्र्नोचे चेक शास्त्रज्ञ एमिल पालेचेक यांच्या १९५० च्या दशकाअखेरच्या कामाने उघडली. डीएनए स्वतः इलेक्ट्रोडवर प्रतिक्रिया देतो हे त्यांनी दाखवलं. आरजीओ पट्टी खरोखर चमकते ती इथे: ग्वानिन आणि अ‍ॅडेनिनची शिखरं साध्या कार्बनपेक्षा उंच आणि एकमेकांपासून सुटी दिसतात. फक्त प्रोबमधल्या ग्वानिनच्या जागी इनोसिन (त्याच्यासारखाच, पण तिथे शिखर न देणारा रेणू) घाला, म्हणजे शिखर आलं तर ते टार्गेटचंच.

सोन्याची पट्टी. आरजीओवर सोन्याचे नॅनोकण असतील तर थिऑलचा प्रोब सोन्यावर नेमका बसतो आणि मर्कॅप्टोहेक्झेनॉलने, १ मिलिमोलर, सोन्याच्या उघड्या जागा झाकता येतात. ग्राफीनच्या उघड्या जागा मात्र त्याने झाकल्या जात नाहीत, हे विक्रेते सांगत नाहीत. म्हणून या पट्टीवरही जुळत नसलेल्या डीएनएची चाचणी लागतेच. थिऑलचा प्रोब डायसल्फाइड होऊन (थिऑल दुसऱ्या गंधकाशी जोडला जाऊन) येतो, टीसीईपीने एक तास उघडून मगच वापरायचा. आणि फेरी-फेरोसायनाइडचं जुनं, उजेडात राहिलेलं द्रावण सोन्यावर वापरू नका. त्यातून थोडं सायनाइड सुटतं आणि ते सोनंच कोरतं. रोज ताजं करा, बाटलीला फॉइल गुंडाळा. या पट्टीला पाचांत सर्वाधिक गुण द्यायला हरकत नाही, अट एकच: कण टाकण्याची पद्धत आणि आकार पुरवठादाराने लेखी द्यावा.

लेसरची पट्टी पुण्यात घरची म्हणावी इतकी सोपी आहे. २०१४ मध्ये राइस विद्यापीठातून ही पद्धत पुढे आली: पॉलिइमाइडच्या फिल्मवर कार्बन डायऑक्साइडचा लेसर फिरवला की पृष्ठभाग सच्छिद्र ग्राफीन होतो. अ‍ॅक्रिलिकचे बोर्ड कापणाऱ्यांकडे हेच यंत्र असतं. फिल्म मात्र १२५ मायक्रोमीटरची साधी घ्या. तपकीर गल्लीत मोबाइल दुरुस्तीसाठी मिळणारी पिवळी-तपकिरी टेप पॉलिइमाइडचीच असते, पण तिच्या मागचा सिलिकॉनचा चिकट थर उष्णतेने फुगतो आणि रेषा उठते. पॉवर कमी ठेवून सुरुवात करा. रेषा तपकिरी राहिली तर कमी, राख होऊन बोटाला लागली तर जास्त, मखमली काळी आणि दोन टोकांत काही दशक ओहम आले तर बरोबर. एका रेषेवरून दुसरी थोडी चढवा. रेफरन्ससाठी तीनपैकी एका रेषेवर चांदीची पेस्ट. या पट्टीचा मुख्य दोष म्हणजे पाणी तिच्यात शोषून वर चढतं आणि कनेक्टरपर्यंत पोहोचतं. पट्टीच्या मानेवर, म्हणजे थेंब आणि कनेक्टर यांच्या मधे, नेलपॉलिश किंवा इपॉक्सीचा पट्टा हवाच. पार्श्वभूमीचा कपॅसिटिव्ह करंटही मोठा, त्यामुळे सीव्हीपेक्षा डीपीव्ही वापरा. दुकानातल्या यंत्राचा फोकस आज आणि उद्या सारखा नसतो, म्हणून एका प्रयोगाच्या सगळ्या पट्ट्या एकाच बैठकीत काढून घ्या.

आता काही पाकिटांवर दिसणाऱ्या एका आकड्याकडे. ‘१ अ‍ॅटोमोलरपर्यंत ओळख’. १० मायक्रोलिटर थेंबात १ अ‍ॅटोमोलर म्हणजे अ‍ॅव्होगाड्रोच्या हिशेबाने सहा रेणू. सहा! ते टाकणं, पसरणं, ४ मिमीच्या गोलावरच्या कोट्यवधी प्रोबपैकी कुणाला तरी भेटणं, आणि त्यामुळे सगळ्या पट्टीचा रोध मोजण्याइतका बदलणं. पिपेटमधून सहा रेणू दर वेळी सहाच पडतील याचीसुद्धा खात्री नाही. हा आकडा येतो कसा? कोऱ्या (टार्गेट नसलेल्या) मोजमापांचा विखुरलेपणा एकाच पट्टीवर पुन्हा पुन्हा मोजून घेतला जातो, तीनने गुणून उताराने भागला जातो, आणि रेषा खाली लांबवली जाते. खरा विखुरलेपणा पट्टी ते पट्टी असतो, तो आधी लिहून ठेवलेला पाच पट्ट्यांचा आकडा इथे लावा. मग मर्यादा नॅनोमोलर किंवा चांगल्या हाताला पिकोमोलरपर्यंत येते, आणि ती खरी असते.

आजाराच्या नमुन्याचा हिशेबही करून ठेवा. मिलिलिटरमध्ये विषाणूच्या १००० प्रती म्हणजे सुमारे १.७ अ‍ॅटोमोलर. पीसीआर किंवा लॅम्प (दोन्ही डीएनएच्या प्रती वाढवायच्या पद्धती) न करता थेट पट्टीवर हे सापडेल असं सांगणाऱ्याकडून पट्टी घेऊ नका. आधी प्रती वाढवून, मग पट्टीवर वाचणं हे मात्र पूर्णपणे शक्य आणि उपयोगाचं आहे. तेव्हा पीसीआरचं उत्पादन ९५ अंशांवर पाच मिनिटं तापवून लगेच बर्फात घाला, नाहीतर दोन धागे परत एकमेकांना धरतात आणि प्रोबला काही उरत नाही.

हायब्रिडायझेशनला मीठ लागतं. २ एक्स एसएससी, म्हणजे ०.३ मोलर सोडियम क्लोराइड आणि ०.०३ मोलर सायट्रेट, ३७ अंश, ३० ते ६० मिनिटं. नुसत्या पाण्यात किंवा पातळ बफरमध्ये दोन ऋण धागे एकमेकांना ढकलतात. माहितीपत्रकातलं ‘रूम टेम्परेचर’ पुण्यात फार लवचिक आहे: डिसेंबरच्या सकाळी १२ अंश आणि मेच्या दुपारी एसी नसलेल्या खोलीत ३५. एक बेस चुकलेला धागा गार खोलीत बिनदिक्कत बसतो. तो वेगळा ओळखायचा तर प्रोबच्या वितळण्याच्या तापमानाच्या जवळ, ड्राय बाथवर, धुवावं लागतं. पावसाळ्यात उघडलेलं पाकीट सिलिका जेलसह हवाबंद ठेवा. ओल धरलेली चांदी काळवंडते आणि रेफरन्स सरकतो. रेफरन्सचं व्होल्टेज क्लोराइडवर अवलंबून असतं, दहापट फरकाला ५९ मिलिव्होल्ट, त्यामुळे बफर बदलला की शिखर सरकणारच. आणि गुरुवारच्या देखभालीत वीज गेली तर −२० मधलं ईडीसी आधी आठवा.

लहान पोटेन्शिओस्टॅटबद्दल, म्हणजे पट्टीला व्होल्टेज देऊन करंट मोजणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात. सीव्ही आणि डीपीव्हीसाठी हाताच्या तळव्यात मावणारी यंत्रं पुरेशी आहेत. इम्पिडन्स हवं असेल तर खरेदीआधी त्याची वरची वारंवारता आणि सगळ्यात लहान करंट रेंज विचारा. बऱ्याच स्वस्त यंत्रांत इम्पिडन्स नसतंच. लॅपटॉप चार्जरवर असताना ५० हर्ट्झचा खडखडाट डीपीव्हीत दिसतो. चार्जर काढा, पट्टी आणि कनेक्टर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, डबा यंत्राच्या ग्राउंडला जोडा. यंत्र खरं बोलतंय का हे तपासायला १ किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडून त्याचं इम्पिडन्स काढा. आलेखातल्या अर्धवर्तुळाचा व्यास १ किलोओहम आला पाहिजे.

ऑर्डर देताना, मग ती सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून असो वा तीन कोटेशनवर, चार गोष्टी लेखी मागा: बॅच नंबर, छापल्याची तारीख, त्याच बॅचच्या फेरिसायनाइड सीव्हीचा कच्चा डेटा, आणि खराब पट्टी बदलून देण्याची अट. किंमत पाकिटावरची धरू नका. वीसच्या पाकिटात तीन नापास झाल्या तर भागाकार सतराने करायचा, आणि तसा केला की स्वस्त पट्टी बऱ्याचदा महाग निघते. वापरलेलं फेरिसायनाइड आम्लाच्या कचऱ्यात ओतू नका, त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. त्याची बाटली वेगळी, झाकण घट्ट, आणि लेबल दोन्ही बाजूंनी.